काखेत कळसा

सोमवार, ४ मार्च

आजपासून नव्या कामावर. काम काय आहे हे आईला समजावताना माझीच दमछाक झाली.

"म्हणजे तू आजारी पडल्याचं सोंग करणार आणि ते तुला पगार देणार?"

"आजारी नाही, आई. आजारी माणसाचा नातेवाईक."

"घरात नातेवाईक म्हणून कधी उजेड पाडला नाहीस, तिथे काय पाडणार!" असं म्हणून ती पुन्हा मशीन चालवू लागली. शाळा उघडायच्या आत तिला गणवेशांचा मोठा ढीग संपवायचा आहे.

खरं तर काम सोपं आहे, निदान सांगायला. मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांसाठी एक वर्ग चालतो. रुग्णांशी आणि त्यांच्या माणसांशी कसं बोलावं आणि कामावर स्वतःचा राग कसा आवरावा, हे त्यात शिकवतात. शिकवणाऱ्या मॅडम बुटक्या आणि शांत आहेत. मी खुर्चीत बसायचं. डॉक्टर मला वाईट बातमी सांगणार. मी कागदावर लिहिल्याप्रमाणे रडायचं किंवा चिडायचं. बाकीचे डॉक्टर बघणार. मॅडम 'थांबा' म्हणाल्या की सोंग संपलं.

महिनाभर बघून मग पक्कं करायचं की नाही ते ठरवणार आहेत. नववीनंतर शाळा सुटलेल्या माणसाला टायपिंगच्या दुकानाबाहेर कोण उभं करतं? आणि मी टायपिंग करायचो ते दुकानही आता बंद झालं. त्यामुळे हे काम टिकवलंच पाहिजे.

मला दिलेल्या कागदावर 'रुग्ण' हा शब्द सगळीकडे दीर्घ ऊकार देऊन छापला होता आणि 'सहानुभूती'तला 'नु' गायब होता. मी पेन्सिलीनं दुरुस्त केलं. मग मॅडमना राग आला तर, या भीतीनं खोडलं. मग परत दुरुस्त केलं.

बुधवार, ६ मार्च

फजिती.

मला 'चिडलेला मुलगा' दिला होता. टेबलावर हात आपटून म्हणायचं होतं, "माझ्या आईला काही झालं तर मी तुम्हाला सोडणार नाही!" मी हात आपटला, पण आधी टेबलावरचा पेला बाजूला सरकवला. आणि वाक्याच्या शेवटी तोंडातून निघून गेलं, "...सोडणार नाही, सर."

सगळे डॉक्टर हसले. मॅडम हसल्या नाहीत, ते जास्त वाईट वाटलं.

माझ्यासारखेच दुसरे एक आहेत, नाटकवाले काका. आयुष्यभर रंगमंचावर काम केलेले. ते पोटदुखीचे रुग्ण होतात. मागच्या वर्षी इतके छान विव्हळले की एका नव्या डॉक्टरनं त्यांना खरंच भरती करून घ्यायची तयारी केली होती. चहा पिताना ते म्हणाले, "राग घशातून नाही येत रे, पोटातून येतो. तुला शेवटचा कधी आला होता?"

मी पुष्कळ आठवलं. आठवला नाही.

"मग ठेवतोस कुठे?"

हे मला माहीत नाही. प्रत्येकाकडे असतोच का?

शुक्रवार, ८ मार्च

आज एक मोठे सर्जन वर्गाला आले. स्वतःहून नाही, पाठवलेले. उंच, भुवया जाड, डाव्या हातानं लिहितात. रुग्णालयात त्यांना मागून 'कुकर' म्हणतात, कारण आधी कान लाल होतात, मग नाकातून वाफ, मग शिट्टी. शिट्टी म्हणजे ओरडणं.

मॅडमनी त्यांना विचारलं, "काय झालं होतं ते तुम्हीच सांगता?"

कुकर म्हणाले, "काय व्हायचंय! एक बाई आली. तपासणीचा निकाल हातात. मी सांगतोय, पंधरा दिवसांत ऑपरेशन करायला हवं. बाई म्हणते, मग गिऱ्हाइकांना काय सांगू? मी परत सांगितलं. परत तेच, गिऱ्हाइकांना काय सांगू? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी फाईल आपटली. म्हटलं, मी काय भिंतीशी बोलतोय का? बाहेर साठ माणसं ताटकळलेली. तर सिस्टरनं माझी तक्रार केली. त्या बाईनं नाही हं, सिस्टरनं!"

मॅडम म्हणाल्या, "रागाच्या खाली बहुतेक वेळा भीती असते. त्यांच्याही आणि तुमच्याही. झाकण उचलून बघायचं."

काका माझ्या कानात म्हणाले, "वाफ जाऊ द्या आधी, नाहीतर तोंड भाजेल."

मला त्या बाईचंही नवलच वाटलं. जिवावर बेतलेलं असताना गिऱ्हाईक कसलं सुचतं? भाजी विकत असावी.

घरी आल्यावर आईला कुकरची नक्कल करून दाखवली. काकांसारखी नाही जमली, पण बरी झाली. आईनं मशीन थांबवलं.

"भुवया जाड आहेत का त्याच्या?"

"तुला कसं माहीत?"

"असल्या माणसांच्या असतातच," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुझी नक्कल वाईट आहे. तो यापेक्षा मोठ्यानं ओरडत असेल."

सोमवार, ११ मार्च

आज कुकर माझ्यासमोर बसले. मी रडणारा मुलगा. आईचा आजार बरा होणारा नाही हे त्यांनी सांगायचं आणि मी कोसळायचं.

त्यांना एक सवय आहे. काही सुचलं नाही की ते 'बरं' म्हणतात. मी डोळे पुसत विचारलं, "डॉक्टर, माझी आई..." ते म्हणाले, "बरं." आणि थांबले.

मला इतकं हायसं वाटलं की मी रडायचा थांबलो. "होईल ना बरं?" असं म्हणून चक्क हसलो.

मॅडम 'थांबा' म्हणाल्या. सगळ्यांना वाटलं मी मुद्दाम केलं. एका डॉक्टरबाईनं तर वहीत लिहून घेतलं. मॅडम कुकरना म्हणाल्या, "बघितलंत? तुमचा 'बरं' म्हणजे नुसता श्वास आहे. पण समोरचा माणूस त्याच शब्दाची वाट बघत बसलेला असतो. तो शब्द सोडा."

कुकरचे कान लाल झाले, पण शिट्टी झाली नाही. मला आता त्यांची भीती वाटते. मी मुद्दाम नव्हतं केलं, हे त्यांना सांगावं का? सांगितलं तर मी कामाला नालायक ठरतो. नाही सांगितलं तर खोटा ठरतो.

गुरुवार, १४ मार्च

आईला माझ्या कामात एकाएकी गोडी वाटू लागली आहे. दुपारी म्हणाली, "कसं सांगतात रे वाईट बातमी? मला दाखव बघू."

मी मॅडमसारखं नीट समजावलं. आधी दार लोटायचं. समोर बसायचं, उभ्यानं नाही. समोरच्याला काय काय माहीत आहे ते विचारायचं. मग एक इशारा द्यायचा, की बातमी चांगली नाही. मग थोडं थांबायचं. मग साध्या शब्दांत सांगून टाकायचं आणि गप्प बसायचं.

"समज मी डॉक्टर, तू तू," ती म्हणाली.

"तू मशीनवरून उठलीच नाहीस. पाय अजून पायडलवर आहे."

"असू दे. ऐक." ती कापडाकडे बघत म्हणाली, "गाठ आहे."

मी लगेच वाकून सुई बघितली. दोऱ्याला गाठ आली की ती नेहमी मलाच सोडवायला लावते. दोरा स्वच्छ होता. "कुठे आहे गाठ?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी सुईत बोट घातलं की काय असं मला वाटलं. "जा, साबण संपलाय, घेऊन ये," एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या काकू डोकावल्या.

साबण संपला नव्हता.

आईला हे काम जमणार नाही. तिला फार पटकन राग येतो. मी तसं तिला म्हणालो, की सराव केला तर जमेल. ती म्हणाली, "हो, करते आहे."

शनिवार, १६ मार्च

घरच्या फोनवर सारखा एका अनोळखी नंबरवरून फोन येतो. आई उचलते, ऐकते, ठेवून देते. "कंपनीवाले. काहीतरी विकतात," म्हणाली. मी म्हटलं, पुढच्या वेळी मी बोलतो. म्हणाली, "तुला चार शब्द चढ्या आवाजात बोलता येत नाहीत, तू काय बोलणार!"

तिचा खांदा अजून दुखतो. कपडे आता खालच्या दोरीवर वाळत घालते आणि इस्त्री मला उचलायला लावते. फेब्रुवारीत रुग्णालयात दाखवून आली तेव्हा स्नायू आखडलाय म्हणाली होती. मी म्हटलं, परत दाखवू, माझी तिथे ओळख झाली आहे. तिनं बाही कापता कापता कात्री माझ्याकडे रोखली. मी विषय सोडला.

मंगळवार, १९ मार्च

वर्ग सुरू व्हायच्या आधी कुकर लवकर येऊन एकटेच बसले होते. मी खुर्च्या मांडत होतो. ते माझ्याशी बोलले की स्वतःशी, ते कळलं नाही.

"त्या बाई परत आल्याच नाहीत. सिस्टर फोन करते आहे, उचलून ठेवून देतात. चांगली शक्यता होती हो. लवकर सापडलं होतं."

मी म्हणालो, "बरं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्गात त्या शब्दावरून त्यांची शोभा झाली आणि मीच तो त्यांच्या तोंडावर मारला. पण ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "तेच ते."

नंतर माझा चिडलेला मुलगा पुन्हा झाला. पुन्हा पडला. मॅडमनी बाजूला घेऊन सांगितलं की सोमवारी शेवटचा प्रयत्न. त्यांनी फार हळुवारपणे सांगितलं. आधी बसवलं, मग विचारलं की मला स्वतःला काय वाटतं, मग इशारा दिला. मी मनात म्हटलं, अरे, हे तर मला येतं.

घरी आलो तर आईचा मोजपट्टा सापडत नव्हता. मी पलंगाखाली शोधलं, कपाटावर शोधलं, गणवेशांचा ढीग उलथापालथा केला. तो माझ्याच गळ्यात होता. सकाळी मॅडमच्या टेबलाची लांबी मोजायला मीच नेला होता.

"काखेत कळसा न् गावाला वळसा!" आई म्हणाली आणि हसू लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना. "काखेत कळसा! अगदी काखेत!"

मला एवढं हसण्यासारखं काही वाटलं नाही. पट्टा गळ्यात होता, काखेत नव्हता.

रविवार, २४ मार्च

काय लिहू? जसं झालं तसं लिहितो.

जेवण झाल्यावर आईनं दार लोटलं. मशीनवर आवरण घातलं. स्टूल ओढून माझ्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"तुला काय काय माहीत आहे?" तिनं विचारलं.

मला वाटलं, सराव. "कशाबद्दल?"

"माझ्याबद्दल."

"तुझा खांदा दुखतो."

"हं. आता मी तुला जे सांगणार आहे ते चांगलं नाही."

"शाब्बास, हा इशारा झाला," मी म्हणालो. "आता थोडं थांबायचं."

ती थांबली. अगदी बरोबर थांबली. मग म्हणाली, "गाठ आहे. दोऱ्याची नव्हे, शहाण्या. काखेत एक लहान आणि एक..." तिनं हात छातीशी नेला आणि परत मांडीवर ठेवला. "इथे. वाईट जातीची आहे. कापायला सांगितलीय."

आणि गप्प बसली. पुढे एक शब्द नाही. मी शिकवलं होतं तसंच.

मी वाट बघत होतो. कसली, ते मला आत्ता लिहिताना कळतंय. कुणीतरी 'थांबा' म्हणेल याची. खोलीत आम्ही दोघंच होतो.

मी म्हणालो, "बरं."

"बरं काय म्हणतोस मेल्या! तूच सांगितलंस ना, बरं म्हणायचं नाही म्हणून!" असं म्हणून तिनं माझं डोकं धरून स्वतःच्या गुडघ्यावर दाबलं. ती हसत होती की काय करत होती ते मला त्या अवस्थेत दिसेना.

मग सगळं सांगितलं. ती भाजीवाली नव्हती. गिऱ्हाइकं म्हणजे गणवेशवाली. कंपनीवाले म्हणजे सिस्टर. पंधरा दिवसांत या म्हणाले होते, त्याला आता पाच आठवडे होऊन गेले.

"तू गेली का नाहीस?"

"तो ओरडला म्हणून नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "म्हणजे, ओरडला म्हणूनच. मला वाटलं, साधं विचारलं तर एवढा खेकसतो, त्याच्या हातात सुरी दिल्यावर काय करेल? आणि तुला कसं सांगू? पोराला असलं कुठून सांगायचं, कुठली जागा म्हणायची?"

"सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं," मी म्हटलं.

"म्हणून तर म्हटलं ना, काखेत कळसा."

मला अजून राग आलेला नाही. पोटात काहीतरी आहे, पण त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही.

सोमवार, २५ मार्च

कुकर समोर बसले. खुर्ची जवळ ओढली. त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय काय माहीत आहे?" कागदावर माझं उत्तर होतं, 'मला काहीच माहीत नाही.'

मी म्हणालो, "मला काल कळलं."

मॅडमनी मान वर केली.

मी म्हणालो, "माझी आई शाळेचे गणवेश शिवते. तिनं तुम्हाला विचारलं, गिऱ्हाइकांना काय सांगू. तुम्ही फाईल आपटलीत. ती घरी आली आणि त्याच गिऱ्हाइकांचे कपडे शिवत बसली. पाच आठवडे. एक हात वर होत नाही आणि ती कॉलर लावते आहे. भिंत नाही ती! तिला उत्तर हवं होतं! मी पण विचारतो, गिऱ्हाइकांना काय सांगायचं आम्ही?"

मी उभा होतो. कधी उठलो, आठवत नाही. हात दुखत होता म्हणजे तो टेबलावर आपटला असणार. पाण्याचा पेला खाली फुटला होता. मी 'सर' म्हणालो नव्हतो.

कुकरचे कान पांढरे झाले होते, लाल नाही. सगळे शिट्टीची वाट बघत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "त्या येतील का?"

"थांबा," मॅडम म्हणाल्या.

आम्ही दोघंही हललो नाही.

मॅडम म्हणाल्या, "आज पहिल्यांदा राग खरा वाटला. तुमचं काम पक्कं झालं असं समजा. ते पाच आठवड्यांचं कुठून सुचलं? आपण ते कागदावर..." त्या पुढे बोलणार होत्या, पण कुकरकडे बघून गप्प झाल्या.

काकांनी बाहेर माझ्या पाठीवर हात ठेवला. "पोटातून आला," म्हणाले. नेहमी पुढे एखादा विनोद करतात, आज केला नाही.

काम पक्कं झालं, हे आईला सांगताना मला लाज वाटली. तिच्या दुखण्यावर मला नोकरी लागली असं झालं का? की तिथे मी सोंग केलंच नाही, मग पगार कशाचा? मी तिला दोन्ही विचारलं.

"पेला फोडलास?" एवढंच तिनं विचारलं. "तू?"

"हो."

"बरं झालं."

शुक्रवार, २९ मार्च

आई आली. तयार होताना दोनदा म्हणाली, नको जाऊया. मी चढ्या आवाजात म्हणालो, "चल!" दोघंही दचकलो. मग ती निमूटपणे चपला घालू लागली.

कुकरनी स्वतः उठून दार लोटलं. आईसाठी खुर्ची ओढली. फाईल उघडली नाही, बाजूला ठेवली.

"मागच्या वेळी तुम्ही मला एक विचारलं होतं."

"काय?" आई म्हणाली. तिला चांगलं माहीत होतं.

"गिऱ्हाइकांना काय सांगू."

"मग? काय सांगू?"

त्यांनी सांगितलं. पुढच्या बुधवारी ऑपरेशन. त्यानंतर काही आठवडे डावा हात वर होणार नाही, मशीनवर बसायचं नाही. मग व्यायाम, मग हळूहळू. उजव्या हाताला काही होणार नाही. उशीर झाल्यानं किती फरक पडला, हे काढलेली गाठ तपासल्याशिवाय कळणार नाही. "आज मला ते माहीत नाही," ते म्हणाले. "आणि त्या दिवशी मी ओरडलो, ती माझी चूक होती."

आई बराच वेळ काही बोलली नाही. त्यांना ती शांतता सहन होईना हे मला दिसत होतं. सवयीनं त्यांचं तोंड उघडलं, "बर..." आणि त्यांनी तो शब्द ठसका लागल्यासारखा गिळला.

"म्हणा हो," आई म्हणाली. "ऐकायला तरी बरं वाटतं."

कुकर हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. आवाज शिट्टीसारखाच झाला.

"बरं," ते म्हणाले.

रविवार, ३१ मार्च

आईनं मला काजं करायला बसवलं आहे. शर्टाला सहा काजं, शिवाय कॉलरचं एक. पहिलं काज मी इतकं जपून केलं की बटण आत जाईना. दुसरं इतकं मोठं झालं की बटण थांबेना.

"स्पेलिंग बरोबर आहे, हस्ताक्षर घाण," ती म्हणाली.

बुधवारचं काय होईल, हे मी तिला विचारलं नाही आणि तिनं मला सांगितलं नाही. आम्हा दोघांना काय काय माहीत आहे ते दोघांनाही माहीत आहे.

संध्याकाळी एक गिऱ्हाईक आलं, दोन मुलांची आई. गणवेश वेळेवर मिळतील ना, असं दारातूनच विचारलं. आईनं माझ्याकडे बघितलं. मी उठलो, त्यांना आत बोलावलं, बसायला स्टूल दिलं.

"मिळतील," मी म्हणालो. "पण काजं थोडी वाकडी असतील."